गळक्या छताचा हिशेब

यूट्यूबवर व्हिडिओंचा एक प्रकार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो रात्री उशिरा, झोप येत नसताना पाहिला असेल. कॅमेरा एका रिकाम्या अमेरिकन मॉलमधून हळूहळू पुढे सरकतो. बंद पडलेला सरकता जिना, कोरडं कारंजं, धूळ खात उभी असलेली प्लास्टिकची झाडं, अर्ध्यावर ओढलेली शटर्स. मागे ऐंशीच्या दशकातलं, वेग कमी केलेलं पॉप संगीत. छतातून पाणी ठिबकत असतं आणि खाली कुणीतरी बादली ठेवलेली असते. डॅन बेल यांची ‘डेड मॉल सिरीज’ २०१५ मध्ये सुरू झाली आणि या प्रकारातली ती सगळ्यांत प्रसिद्ध. आता असे चॅनेल्स पुष्कळ झालेत, आणि त्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे आपल्या रील्समध्येही फिरत असतात.

मला हे व्हिडिओ आवडतात, हे आधीच सांगते. त्यातली शांतता आवडते, कॅमेऱ्याची चाल आवडते. माझी तक्रार त्यांच्या गोष्टीबद्दल आहे. ती जवळपास प्रत्येक व्हिडिओत तीच असते. सत्तरच्या दशकात मॉल उघडला, लोकांची झुंबड उडाली, नाताळात सांताक्लॉज यायचा. मग इंटरनेट आलं, अॅमेझॉन आलं, काळ बदलला. आता बघा, छत गळतंय.

मी जुनी सॉफ्टवेअर्स चालू ठेवण्याचं काम करते. आमच्याकडे एखादी सिस्टीम रात्री तीन वाजता कोसळली, तर सकाळी त्याचा अहवाल लिहावा लागतो. कोणता इशारा कधी आला होता, कुणी पाहिला, दुरुस्तीचं काम कितव्यांदा पुढे ढकललं गेलं, हे सगळं त्यात येतं. ‘काळ बदलला’ असं त्या अहवालात लिहिलं तर लोक हसतील. पण अख्खी दुकानसंस्कृती कोसळल्याचं कारण म्हणून तेच दोन शब्द आपण मुकाट्याने मान्य करतो. छत काळामुळे गळत नाही. ते दुरुस्त करायचं की नाही, हे दर वर्षी कुणीतरी एका बैठकीत ठरवत असतं.

चौकटीत माणसं नाहीत

ही तक्रार नवी नाही. ईव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच छायाचित्रकारांचं डेट्रॉइटच्या अवशेषांवरचं पुस्तक २०१० मध्ये आलं, तेव्हाही त्यावर बरीच टीका झाली. पडकी थिएटरं, उजाड शाळा, ओस पडलेलं रेल्वे स्टेशन. फोटो देखणे होते, पण त्यांत माणसं नव्हती. त्याच वर्षीच्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या सात लाखांहून जास्त भरली होती. सात लाख माणसांचं शहर ‘मेलेलं’ दाखवायचं, तर कॅमेरा फार काळजीपूर्वक धरावा लागतो.

मॉलच्या व्हिडिओत ही काळजी आपोआप घेतली जाते, कारण बहुतेक वेळा माणसं खरंच निघून गेलेली असतात. पण कोण निघून गेलं, कोणत्या क्रमाने गेलं आणि जाताना कुणाच्या हातात काय पडलं, हे चौकटीबाहेर राहतं. रोमच्या खंडहरांना जसं आपण बघतो तसंच या जागांना बघू लागतो. फरक एवढाच की रोमचे जबाबदार लोक शोधता येत नाहीत. यांचे ताळेबंद मात्र सार्वजनिक आहेत.

नांगर सुटतो तेव्हा

मॉल मरण्याच्या आधी बहुतेक वेळा एक डिपार्टमेंट स्टोअर मरतं, आणि हे समजून घेतल्याशिवाय त्या व्हिडिओंमधलं काहीच नीट कळत नाही.

अमेरिकी मॉलची रचना साधी आहे. टोकांना दोन-चार मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, मधल्या रस्त्यावर लहान दुकानं. मोठ्या दुकानांना ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. गर्दी ती खेचतात, म्हणून त्यांना भाडं नाममात्र असतं, काही वेळा इमारतही त्यांच्याच मालकीची असते. लहान दुकानं त्या गर्दीच्या भरवशावर चढं भाडं भरतात. त्यांच्या करारात बरेचदा एक कलम असतं : अँकर बंद पडला, तर आम्हाला भाडं कमी करून मिळेल किंवा करार मोडून निघून जाता येईल.

आता एक मोठं दुकान बंद पडल्याची कल्पना करा. लहान दुकानांचं भाडं घटतं. मालकाचं उत्पन्न घटतं. मालक साफसफाई, वातानुकूलन, छताची डागडुजी यांवरचा खर्च कापतो. मॉल कळकट दिसू लागतो, गर्दी आणखी घटते, दुसरा अँकर जातो. एक सर्व्हर पडला की त्याचा भार इतरांवर येतो आणि मग एकामागून एक सगळे पडतात, तसलाच हा प्रकार. व्हिडिओतली बादली या साखळीच्या अगदी शेवटी येते.

ओहायोमधला रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला, तेव्हा तो जगातल्या सगळ्यांत मोठ्या मॉल्समध्ये गणला जात होता. पुढे तो ओस पडला, त्याचे फोटो जगभर फिरले, मग तो पाडला गेला. त्या जागेवर २०१८ मध्ये अॅमेझॉनचं गोदाम सुरू झालं. ‘अॅमेझॉनने दुकानं खाल्ली’ या गोष्टीला याहून सोयीचं चित्र मिळणार नाही. पण गोदाम आलं तेव्हा मॉल पडून गेलेला होता. त्या मॉलमध्ये सीअर्सचंही दुकान होतं, आणि खरी गोष्ट बघायची तर सीअर्सची बघावी लागते.

सीअर्स काय होतं

रिचर्ड सीअर्स मिनेसोटात एका छोट्या रेल्वे स्टेशनवर एजंट होता. १८८६ मध्ये त्याने घड्याळं विकायला सुरुवात केली. घड्याळं दुरुस्त करणारा अल्वा रोबक त्याला मिळाला, आणि १८९० च्या दशकात ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ उभी राहिली. तिचा खरा धंदा कॅटलॉगचा. गावाकडच्या शेतकऱ्याने जाडजूड पुस्तकातून वस्तू निवडायची, पत्राने ऑर्डर पाठवायची, माल रेल्वेने किंवा टपालाने यायचा. शिवणयंत्र, नांगर, व्हायोलिन, कपडे, औषधं. १९०८ ते १९४० या काळात तर सीअर्सने अख्खी घरं विकली. लाकूड, खिळे, आराखडे असं सगळं सुटं करून पाठवायचं आणि घेणाऱ्याने जोडायचं. अशी सत्तर हजारांवर घरं विकली गेली असावीत.

या कॅटलॉगची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गावातल्या दुकानात गोऱ्यांचं आटोपेपर्यंत थांबावं लागायचं, अनेकदा हलका माल घ्यावा लागायचा, आणि उधारीमुळे दुकानदाराचं मिंधं राहावं लागायचं. कॅटलॉगला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. छापील किंमत सगळ्यांना एकच. इतिहासकार लुईस हायमन यांनी ही बाजू ठळकपणे मांडली आहे. कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी आपल्या पैशातून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहायला मदत केली.

पहिलं दुकान १९२५ मध्ये शिकागोत उघडलं. १९७३ मध्ये कंपनीने ११० मजल्यांचा सीअर्स टॉवर बांधला. पंचवीसएक वर्षं तो जगातली सर्वांत उंच इमारत होता. ८० च्या दशकात सीअर्सकडे विमा होता, डिस्कव्हर हे क्रेडिट कार्ड होतं, आणि आयबीएमबरोबर सुरू केलेली ‘प्रॉडिजी’ ही घरबसल्या संगणकावरून बातम्या वाचण्याची आणि खरेदी करण्याची सेवा होती. आज ज्याला आपण ई-कॉमर्स म्हणतो, त्याचा जवळपास प्रत्येक सुटा भाग या एका कंपनीच्या घरात पडलेला होता.

म्हणून ‘बिचाऱ्या जुन्या दुकानाला नवं जग कळलंच नाही’ हे सीअर्सच्या बाबतीत पटत नाही. १९९३ मध्ये कंपनीने तोट्यातला मोठा कॅटलॉग बंद केला आणि सुमारे पन्नास हजार नोकऱ्या कापल्या. पुढच्याच वर्षी जेफ बेझोस यांनी अॅमेझॉन स्थापन केली. हा योगायोग सगळे सांगतात. त्याच सुमारास सीअर्सने प्रॉडिजीही सोडून दिली, हे कमी जण सांगतात.

अर्थात तोवर सीअर्स धुतल्या तांदळासारखी राहिली नव्हती. वॉलमार्टने तिला १९९० च्या आसपास मागे टाकलं होतं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात तिच्या गाडीदुरुस्ती केंद्रांवर गिऱ्हाइकांच्या माथी नको ती दुरुस्ती मारल्याचे आरोप झाले. कामगारांना विक्रीची उद्दिष्टं आणि कमिशन लावून दिल्यावर दुसरं काय होणार? म्हणजे रोग जुना होता. पण रोगी असणं वेगळं आणि उपचार थांबवणं वेगळं.

दुर्लक्षाचं अंदाजपत्रक

२००५ मध्ये एडी लॅम्पर्ट या हेज फंड चालवणाऱ्या गुंतवणूकदाराने केमार्ट आणि सीअर्स एकत्र आणलं. व्यवहार अकरा अब्ज डॉलर्सचा होता. दोन्ही मिळून सुमारे साडेतीन हजार दुकानं होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइन विक्रीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव डॉलर्स अजून दुकानातच खर्च होत होते.

पुढच्या काही वर्षांत कंपनीने स्वतःचेच शेअर्स बाजारातून परत विकत घेण्यावर सहा अब्ज डॉलर्सच्या आसपास पैसे घातले. शेअर्सची संख्या कमी झाली की उरलेल्या शेअरचं मोल वाढावं, हा त्यामागचा हिशेब. त्याच काळात दुकानांच्या देखभालीवर सीअर्स चौरस फुटामागे जेवढं खर्च करत होती, ते टार्गेट किंवा वॉलमार्टच्या तुलनेत फारच थोडं होतं. गालिचे फाटले, दिवे गेले, फरशा उखडल्या. लोक फ्रिज आणि वॉशिंग मशीन घ्यायला होम डेपोत जाऊ लागले. होम डेपो काही ॲप नव्हतं. तेही विटा-सिमेंटचं दुकानच होतं.

२००८ मध्ये कंपनीची तीसेक स्वतंत्र युनिट्समध्ये विभागणी झाली. प्रत्येकाला वेगळा प्रमुख, वेगळा नफा-तोटा. मोठ्या सॉफ्टवेअरचे छोटे तुकडे करण्याचा मोह आम्हा इंजिनियरांनाही होतो, म्हणून हे वाचताना मला हसू आलं आणि धडकीही भरली. जाहिरातीच्या पत्रकात कुणाला किती जागा मिळणार, यावरून एकाच कंपनीची युनिट्स आपसांत भांडू लागली. छत मात्र कुणाच्याच युनिटमध्ये येत नव्हतं. सामाईक गोष्टींचं हेच होतं. आपल्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचा अनुभव आठवा.

याच सुमारास ‘शॉप युवर वे’ नावाची सभासद योजना आली आणि भर ऑनलाइनवर वळला. सीअर्सची एक आयटी कंपनी पुण्यातही होती. दुकान अमेरिकेतलं, पण त्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांतले काही जण इथे होते. लॉयल्टी पॉइंट्सचा कोड कितीही नेटका लिहिला, तरी ते पॉइंट्स घेऊन माणूस ज्या दुकानात जाणार तिथला दिवा फडफडत असेल, तर त्या कोडचा उपयोग काय, हा प्रश्न कोड लिहिणाऱ्याच्या हातातला नसतो.

मग एकेक मौल्यवान गोष्ट बाहेर पडू लागली. २०१४ मध्ये लँड्स एंड हा कपड्यांचा ब्रँड वेगळा काढला. २०१५ मध्ये २३५ जागा ‘सेरिटेज’ नावाच्या नव्या कंपनीला सुमारे २.७ अब्ज डॉलर्सना विकल्या. तिचे अध्यक्षही लॅम्पर्टच. त्या दिवसापासून सीअर्स आपल्याच जुन्या इमारतींमध्ये भाडेकरू झाली. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन ही अवजारांची नाममुद्रा साधारण ९० कोटी डॉलर्सना विकली. कंपनीला रोख हवी असे, तेव्हा लॅम्पर्ट यांचा फंड तिला कर्जही देत असे. प्रमुख मालक, सीईओ, सावकार आणि घरमालक या चारही खुर्च्यांवर एकच माणूस.

१५ ऑक्टोबर २०१८ ला सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर सातशेहून कमी दुकानं आणि सुमारे ६८,००० कर्मचारी उरले होते. डिसेंबरमध्ये न्यायालयाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळून अडीच कोटी डॉलर्सच्या आसपास बोनस देण्याची मुभा दिली. नव्वद हजार लोकांच्या पेन्शन योजना २०१९ मध्ये सरकारी विमा संस्थेला ताब्यात घ्याव्या लागल्या. उरलेली दुकानं लॅम्पर्ट यांच्याच फंडाने ५.२ अब्ज डॉलर्सच्या व्यवहारात घेतली. दिवाळखोर कंपनीच्या वतीने त्यांच्यावर आणि इतरांवर मालमत्ता बाहेर काढल्याचा दावा लावला गेला. त्यांनी आरोप नाकारले, आणि २०२२ मध्ये १७.५ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. आज सीअर्सची दुकानं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत.

पण धंदा मरणारच होता ना?

याला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. डिपार्टमेंट स्टोअर हा प्रकारच उतरणीला लागलेला होता. बॉन-टॉनची दुकानं २०१८ मध्ये कायमची बंद झाली, जेसी पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे लॅम्पर्ट नव्हते. मग मरणाऱ्या धंद्यात पैसे का ओतायचे? जे काढता येतं ते काढून घ्यावं, हा विचार गुंतवणूकदाराच्या जागी बसून पाहिला तर अगदीच वेडगळ नाही. प्रत्येक जुनी गोष्ट जिवंत ठेवलीच पाहिजे, असं मलाही वाटत नाही. मी स्वतः कितीतरी जुन्या सिस्टीम बंद केल्या आहेत.

पण बंद करण्याचीही एक रीत असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. ती तारीख कित्येक वर्षं आधी जाहीर झालेली होती. या तारखेनंतर दुरुस्ती मिळणार नाही, तोवर तुमची सोय बघा. लोकांनी कुरकुर केली, पण बँकेपासून सायबर कॅफेपर्यंत प्रत्येकाला ठरवायला वेळ मिळाला. सूचना देणं म्हणजे दुसऱ्यालाही निर्णय घेण्याचा हक्क आहे हे मान्य करणं.

सीअर्सच्या कामगाराला अशी सूचना मिळाली नाही. तेरा वर्षं त्याला सांगितलं जात होतं की कंपनीचं परिवर्तन चालू आहे. कंपनी पुढे टिकेल याबद्दल मोठी शंका आहे, हे वाक्य मार्च २०१७ मध्ये वार्षिक अहवालात छापून आलं, आणि तेही हिशेबाच्या नियमांमुळे छापावं लागलं. दिवाळखोरीनंतर नव्या मालकीतल्या कंपनीचं नाव ठेवलं ‘ट्रान्सफॉर्मको’. थट्टा करायची म्हटली, तरी याहून चांगलं नाव सुचलं नसतं.

आतल्यांना दिशा माहीत असते, बाहेरच्यांना आशा दाखवली जाते. आत बसलेला माणूस कागद विकून, जागा विकून, व्याज घेऊन वेळेत आपली सोय लावू शकतो. काउंटरवर वीस वर्षं उभी असलेली बाई तिथेच थांबते, कारण तिला वाटतं पुढच्या वर्षी दुकान नवं होणार आहे. तिने दुसरी नोकरी शोधायची ती वर्षं या आशेत गेलेली असतात. ज्या गावाला मॉलच्या करातून उत्पन्न मिळत होतं, ते गावही असंच गाफील राहतं. दुर्लक्षाची खरी किंमत ही आहे, आणि ती छतातून ठिबकत नसल्यामुळे कॅमेऱ्यात येत नाही.

सुंदर, पण अपुरं

मग या व्हिडिओंचं काय करायचं? त्यांनी अर्थशास्त्राचे वर्ग घ्यावेत, असं माझं म्हणणं नाही. कलेला हळहळण्याचा हक्क आहे. तरी एवढं म्हणता येईल की या प्रकाराने आपल्याला चुकीच्या गोष्टीची हळहळ करायला शिकवलं आहे. आपण कारंज्यासाठी, निऑन दिव्यांसाठी, न जगलेल्या ऐंशीच्या दशकासाठी व्याकूळ होतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या पंचविशीतल्या मुलीला ओहायोतल्या मॉलची आठवण यावी, ही गंमतच आहे. त्या आठवणीत कुणाचंच नाव नसतं, म्हणून ती इतकी सुखाची असते.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. पडझड ही ऋतूसारखी आपोआप येते असं एकदा मनात बसलं, की आपल्या आसपासची पडझडही आपण तशीच बघतो. एसटीचा फुटलेला स्टँड, सार्वजनिक वाचनालयाचं भिजलेलं कपाट, महापालिकेच्या शाळेची कललेली भिंत. ‘जुनं झालंय, चालायचंच’ म्हणून आपण फोटो काढतो, त्याला उदास फिल्टर लावतो आणि स्टोरीला टाकतो. त्या डागडुजीचा पैसा कोणत्या वर्षी मंजूर झाला होता, तो कुठे वळवला गेला, हे विचारायचं राहून जातं.

या प्रकारातला जो व्हिडिओ मला बघायचा आहे, तो अजून माझ्या पाहण्यात नाही. त्यात कॅमेरा तसाच हळू चालेल, संगीतही चालेल. फक्त बादलीपाशी आल्यावर पडद्यावर तीन ओळी येतील : हे छत पहिल्यांदा कोणत्या वर्षी गळलं, दुरुस्तीला किती खर्च येणार होता, आणि त्या वर्षी मालकाने पैसे कशावर खर्च केले.